विश्लेषण : ठाणे, कल्याण-डोंबिवलीत आयुक्तांकडेच कारभाराची दोरी का? फिरोजशहा मेहतांनी १८७१ मध्ये मांडलेल्या आराखड्याची गोष्ट

कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत दोन्ही शहरांत प्रशासकीय राजवट होती. आयुक्तच प्रशासक, आयुक्तच महासभा आणि आयुक्तच स्थायी समिती. अंदाजपत्रक मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. आता पुन्हा नगरसेवक सभागृहात आले असले तरी रस्त्यावरच्या खड्ड्याचे बिल काढण्याचा अधिकार महापौरांकडे नाही, तो आयुक्तांकडेच आहे. निवडून न आलेल्या अधिकाऱ्याकडे एवढे अधिकार कसे आले, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर दीडशे वर्षे मागे, मुंबईतल्या एका वादळी सभेत जावे लागते. त्या सभेत २६ वर्षांच्या एका बॅरिस्टरने उपस्थितांना न पटलेली भूमिका मांडली होती.

फिरोजशहा मेहता कोण होते?

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोरचा पुतळा आणि फोर्टमधला सर पी. एम. रोड एवढीच अनेकांना त्यांची ओळख. जन्म ४ ऑगस्ट १८४५, मुंबईत, एका व्यापारी पारशी कुटुंबात. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये ते पदवीधर झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर विशेष लोभ होता. हिंदी तरुणांनी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हावे म्हणून रुस्तमजी जमशेदजी जीजीभॉय यांनी शिष्यवृत्ती देऊ केली होती. तिच्यासाठी ग्रँट यांनी मेहतांचे नाव सुचवले आणि मेहता लंडनला लिंकन्स इनमध्ये दाखल झाले.

पण ते वर्ष होते १८६५. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर हातोहात खपत होते आणि युद्ध संपताच तो फुगा फुटला. अनेक धनाढ्य घराणी एका रात्रीत बुडाली. रुस्तमजीही त्यात सापडले आणि शिष्यवृत्तीचे पैसे आटले. मेहतांनी तरीही शिक्षण पूर्ण केले. १८६८ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींच्या सहवासात त्यांनी राजकारणाचे पहिले धडे गिरवले होते. इंग्लंडमधल्या शहरांचा कारभार करदात्यांनी निवडलेल्या मंडळांकडे असतो, हेही त्यांनी जवळून पाहिले होते.

आयुक्तपदाची सुरुवात कशी झाली?

मेहता लंडनला गेले त्याच वर्षी, १८६५ मध्ये, मुंबईसाठी नवा कायदा झाला. शहराचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांच्या मंडळाकडे गेला. प्रत्यक्ष कामासाठी एक आयुक्त नेमण्यात आला आणि त्याच्याकडे सर्व कार्यकारी अधिकार देण्यात आले. हा पहिला आयुक्त म्हणजे आर्थर क्रॉफर्ड. क्रॉफर्ड मार्केट (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) ज्याच्या नावाने ओळखले जाई तोच हा अधिकारी.

क्रॉफर्ड झपाट्याने काम करणारा होता. रस्ते रुंद झाले, गटारे आखली गेली, कत्तलखाने आणि दुर्गंधी पसरवणारे व्यवसाय वस्तीबाहेर हलवण्यात आले, मंडई उभी राहिली. शहरातले मृत्यूचे प्रमाण खाली आले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टी. चंद्रशेखर यांनी केलेले रस्ता रुंदीकरण ज्या ठाणेकरांनी पाहिले, त्यांना या चित्राची कल्पना सहज करता येईल. एक अधिकारी ठरवतो, हातोडा पडतो आणि शहराचे रूप पालटते. नागरिकांना असा अधिकारी आवडतो. मुंबईकरांनाही सुरुवातीला क्रॉफर्ड आवडला होता.

अडचण हिशेबाची होती. क्रॉफर्डने मंजुरीची फारशी पर्वा न करता खर्च केला. तिजोरी रिकामी झाली, कर वाढले आणि तेही शेअरबाजार कोसळल्यानंतरच्या मंदीत. त्याला अडवायचे काम ज्या जस्टिसांचे होते ते सभेला येत नसत आणि आले तरी आकडे वाचत नसत. शेवटी करदाते रस्त्यावर आले. १८७१ मध्ये जेम्स फोर्ब्स, नवरोजी फर्दुनजी आदींच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन उभे राहिले. आयुक्तपदाची एकाधिकारशाही रद्द करा आणि कारभार नगर मंडळाच्या हाती द्या, अशी त्यांची मागणी होती.

मेहतांची भूमिका वेगळी कशी होती?

अशा वेळी एखाद्या तरुण, महत्त्वाकांक्षी वकिलाने काय करावे? आंदोलनाच्या पुढच्या रांगेत उभे राहावे. मेहतांनी उलट केले. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मुंबईच्या कारभारावर निबंध वाचला आणि क्रॉफर्डच्या कामाचे कौतुक केले. उधळपट्टी त्यांनी नाकारली नाही. पण दोष माणसापेक्षा व्यवस्थेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जो खर्च करतो त्याला जाब विचारणारे कोणी नसेल तर उद्या दुसरा कोणी आला तरी तो हेच करील.

फोर्ब्स यांचा तोडगाही त्यांनी फेटाळला. दहा-पंधरा जणांच्या मंडळाकडे प्रत्यक्ष कारभार दिला तर चुकीची जबाबदारी कोणावरच राहणार नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील. त्यामुळे काम करणारा हात एकच हवा, हा मेहतांचा आग्रह होता. त्याचबरोबर त्या हातावर पहारा ठेवणारे सभागृह करदात्यांनी निवडलेले हवे, सरकारने नेमलेले नको. कर किती लावायचा आणि पैसा कशावर खर्च करायचा हे सभागृह ठरवील, आयुक्त ते अमलात आणील आणि हिशेब तपासणारा अधिकारी आयुक्ताच्या हाताखालचा नसेल.

सभेला हे मुळीच रुचले नाही. क्रॉफर्डची बाजू घेणारा म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहण्यात आले आणि श्रोत्यांनी नापसंती स्पष्टपणे दाखवली. निवडणुकीची मागणी एवढ्या नेटाने मांडणाऱ्या वक्त्याची निवडणूक मागणाऱ्यांकडूनच हुर्यो व्हावी, असा हा उफराटा प्रसंग होता.

मग कोणाचे म्हणणे खरे ठरले?

पुढच्याच वर्षी झालेला १८७२ चा कायदा मेहतांच्या आराखड्याच्या बराच जवळ जाणारा निघाला. महापालिकेत ६४ सदस्य. त्यांतले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे. १६ जस्टिसांनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. आयुक्त एकच आणि तो सरकारने नेमलेला. मेहता या महापालिकेत आले आणि मधले किरकोळ खंड सोडले तर आयुष्यभर तिथेच राहिले.

हिंदुस्थानात तेव्हा निवडणूक हा शब्दच नवा होता. विधिमंडळात निवडून आलेले सदस्य नव्हते आणि काँग्रेसचा जन्म व्हायला आणखी १३ वर्षे होती. अशा काळात मुंबईच्या करदात्याला आपला प्रतिनिधी निवडता येऊ लागला. मतदार मात्र मूठभरच होते. ठराविक रकमेहून जास्त कर भरणाऱ्यालाच मत होते. गिरणीत राबणारा, चाळीत राहणारा माणूस या यादीत कुठेच नव्हता आणि त्यासाठी मेहतांनी फारसा आग्रह धरल्याचेही दिसत नाही. त्यांची लोकशाही करदात्यांची होती. भाडेकरूंना मत मिळायला १९२२ उजाडले आणि प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये.

१८८८ चा कायदा इतका महत्त्वाचा का?

कारण ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचा आजचा कारभार त्याच्याच साच्यातून निघाला आहे.

१८८० च्या दशकात मुंबई सरकारने महापालिकेसाठी नवा कायदा करायचे ठरवले. मेहता तेव्हा ऐन भरात होते. १८८४ आणि १८८५ अशी सलग दोन वर्षे ते महापालिकेचे अध्यक्ष होते. (महापौर हे नाव १९३१ मध्ये आले.) १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांनी त्यांना कायदेमंडळावर नेमले. त्यामुळे विधेयक चर्चेला आले तेव्हा महापालिकेची बाजू मांडणारा माणूस थेट कायदेमंडळातच बसलेला होता. सोबतीला काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते.

विधेयकाचा मूळ मसुदा आयुक्ताकडे झुकणारा होता. सभागृहाने काय करायचे याला मर्यादा आणि आयुक्ताला मात्र स्वतंत्र, सभागृहाच्या बरोबरीचे स्थान, असा त्याचा रोख होता. १८७१ मध्ये ज्या माणसाने आयुक्तपद वाचवण्यासाठी हुर्यो पत्करली, तोच आता आयुक्ताला आवर घालण्यासाठी उभा राहिला. वरवर पाहता ही कोलांटउडी वाटते. पण दोन्ही वेळा त्यांचा मुद्दा एकच होता : अंमलबजावणी एकाकडे आणि अंतिम सत्ता सभागृहाकडे. मेहता आणि तेलंग यांनी कलमागून कलम लढवले आणि मसुद्याचा बराच भाग बदलून घेतला.

कायद्यात तीन प्राधिकरणे आली : महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त. सदस्यसंख्या ७२ झाली. त्यांतले ३६ वॉर्डांतून, १६ जस्टिसांकडून, चार विद्यापीठ आणि व्यापारी मंडळाकडून निवडलेले आणि १६ सरकारनियुक्त. नगर प्रशासनाची जबाबदारी महापालिकेवर टाकण्यात आली, कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे राहिले. अंदाजपत्रकाला सभागृहाची मंजुरी आवश्यक ठरली. आणि एक ब्रह्मास्त्र मिळाले. ७२ पैकी ४५ सदस्यांनी ठराव केला तर सरकारला आयुक्त परत बोलवावा लागेल.

४५ भागिले ७२ म्हणजे पाच अष्टमांश. हा अपूर्णांक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

योगायोग असा, की ज्या १८८८ मध्ये मेहतांचा कायदा झाला त्याच वर्षी आर्थर क्रॉफर्डचे नाव पुन्हा गाजले. तो तेव्हा पुण्याला महसूल आयुक्त होता. मामलेदारांच्या नेमणुका आणि बदल्यांसाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्याला निलंबित करण्यात आले, चौकशी आयोग बसला. लाचेचा आरोप आयोगाने सिद्ध मानला नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्जाऊ पैसे घेतल्याचे निघाले आणि त्याची नोकरी गेली. साक्ष दिलेल्या मामलेदारांच्या बाजूने लोकमान्य टिळक उभे राहिले, तेच हे क्रॉफर्ड प्रकरण. एका माणसाच्या सचोटीवर व्यवस्था उभी करता येत नाही, हा मेहतांचा १८७१ चा मुद्दा यापेक्षा स्पष्टपणे दाखवता आला नसता.

सरकारशी मेहतांचे खटके का उडाले?

पैशांवरून आणि अधिकारांवरून. शहराच्या पोलिसांचा खर्च महापालिकेने उचलावा असा सरकारचा आग्रह होता. पोलिसांवर आमचा ताबा नाही, मग खर्च आमच्या माथी का, असा मेहतांचा सवाल. हा वाद वर्षानुवर्षे चालला. शेवटी १९०७ च्या सुमारास तडजोड झाली. पोलिसांचा भार सरकारने घेतला आणि प्राथमिक शिक्षण, दवाखाने यांची जबाबदारी महापालिकेकडे आली. राज्य सरकारने योजना जाहीर करायची आणि पालिकेने आपल्या हिश्शाचे पैसे शोधत बसायचे, हा प्रकार आजच्या नगरसेवकांनाही ओळखीचा वाटेल.

दुसरा खटका १८९६ च्या प्लेगनंतरचा. मांडवीत सुरू झालेल्या साथीने मुंबई हादरली, लाखो लोक शहर सोडून गेले. दाट वस्त्या पाडून नवे रस्ते आणि वसाहती करण्यासाठी सरकारने १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाची स्वतंत्र संस्था काढली. शहराचा विकास निवडून आलेल्या महापालिकेच्या हातून काढून बहुतांशी नेमलेल्या मंडळाकडे देण्यावर मेहतांनी कडाडून टीका केली. ट्रस्टने शहराला मोठे रस्ते दिले हे खरेच, पण त्यांचा जाब मतदार विचारू शकत नव्हते. १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेतच विलीन झाला. शहराच्या एका भागाचे नियोजन महापालिकेकडे आणि दुसऱ्या भागाचे वेगळ्या प्राधिकरणाकडे, यातून काय होते हे कल्याण-डोंबिवलीतल्या २७ गावांतल्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको. तिथे ‘एमएमआरडीए’ नियोजन प्राधिकरण आणि नागरी सुविधा मात्र महापालिकेच्या, अशी स्थिती बराच काळ राहिली.

मेहता एकहाती कारभार चालवायचे का?

हा आरोप त्यांच्यावर हयातीतच झाला आणि त्यात तथ्य होते. सभागृहात त्यांचे वजन असे, की ते म्हणतील ते होई. आवाज खणखणीत, विषयाचा अभ्यास पक्का आणि विरोधकाची खिल्ली उडवण्यात हातखंडा. मुंबईचे अनभिषिक्त राजे असे त्यांना म्हटले जाई, त्यामागे कौतुक जेवढे होते तेवढाच त्रागाही. एकाच्या हाती सत्ता एकवटू नये म्हणून झटलेल्या माणसाच्याच हाती सभागृह एकवटले होते.

१९०७ मध्ये त्यांना पाडण्याचा कट शिजला. मेहता जस्टिसांच्या मतदारसंघातून निवडून येत. तिथल्या १६ जागांसाठी महालेखापाल हॅरिसन, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर आणि काही बड्या अधिकाऱ्यांनी आपली १६ जणांची यादी तयार केली आणि पद्धतशीरपणे मते फिरवली. इतिहासात हे प्रकरण ‘कॉकस’ म्हणून नोंदले गेले. डाव यशस्वी झाला. मेहता सतराव्या क्रमांकावर फेकले गेले, म्हणजे पडले.

शहरात संतापाची लाट उसळली. गोपाळ कृष्ण गोखले उघडपणे मेहतांच्या बाजूने उभे राहिले. पण मेहतांना वाचवले ते मोर्चांनी नव्हे, त्यांच्याच कायद्याने. सोळाव्या क्रमांकावर निवडून आलेल्या उमेदवाराचा महापालिकेच्या कंत्राटाशी संबंध होता आणि पालिकेशी आर्थिक हितसंबंध असलेल्याला सदस्य होता येत नाही, असे कायदा सांगत होता. न्यायालयाने त्याला अपात्र ठरवले आणि सतरावे मेहता सभागृहात आले. नगरसेवकाचे कंत्राटात हितसंबंध निघाले तर पद जाते, ही तरतूद आजही कायद्यात आहे आणि तिच्यावरून आजही तक्रारी होतात.

महापालिकेबाहेरही त्यांचा पसारा मोठा होता. १८९० च्या कोलकाता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यातल्या दुरुस्तीला विरोध करत गोखले आणि अन्य सदस्यांसह त्यांनी मुंबई कायदेमंडळातून सभात्याग केला. तेव्हाच्या मानाने ही मोठीच बंडखोरी होती. सुरत काँग्रेसमध्ये १९०७ मध्ये जहाल-मवाळ फूट पडली तेव्हा मवाळांचे ते मुख्य सूत्रधार होते आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या टिळक अनुयायांनी त्यांना कधी माफ केले नाही. १९११ मध्ये सेंट्रल बँकेच्या स्थापनेत आणि १९१३ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे दैनिक सुरू करण्यात ते पुढे होते. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

ठाणे, कल्याणला हा साचा कधी लागू झाला?

मेहतांच्या काळात ठाणे आणि कल्याणला नगरपालिका होत्याच, पण त्यांचा मार्ग वेगळा होता. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चा जिल्हा नगरपालिका कायदा झाला, पुढे १९०१ चा. तिथे मुंबईसारखा सर्वाधिकारी आयुक्त नव्हता. आधी कलेक्टरचा वरचष्मा आणि हळूहळू लोकनियुक्त नगराध्यक्ष, असा तो प्रवास होता. मुंबईच्या वाढीचा भार मात्र ठाणे जिल्हा तेव्हापासूनच वाहत होता. १८९२ मध्ये मुंबईला तानसाचे पाणी पोहोचले, ते धरण शहापूर तालुक्यातले.

स्वातंत्र्यानंतर इतर शहरांसाठी १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आला. त्याचा सांगाडा १८८८ च्या कायद्याचाच होता. हाच कायदा आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे आणि वर्षभराने, १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, तेव्हा ही शहरे नगराध्यक्षांच्या कायद्यातून आयुक्तांच्या कायद्यात आली. गाव मोठे झाले, निधी वाढला. पण निवडून आलेल्या प्रमुखाच्या हातातले अधिकार सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेले, याची चर्चा तेव्हा फारशी झाली नाही. शिवाय ठाण्यात पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली आणि कल्याण-डोंबिवलीत तर थेट १९९५ मध्ये. महापालिकेची पहिली १२ वर्षे तिथे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. त्यामुळे २०२० नंतरची प्रशासकीय राजवट डोंबिवलीकर ज्येष्ठांसाठी नवी नव्हती.

दरम्यान, ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे राज्यघटनेने बंधनकारक केले. तरीही करोना, प्रभागरचनेतले बदल आणि ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद यांत राज्यातल्या निवडणुका लांबत गेल्या आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्गी लागल्या.

आयुक्तांना हटवणारे ब्रह्मास्त्र चालते का?

पाच अष्टमांशाची तरतूद आजच्या कायद्यातही आहे. ठाण्यात नगरसेवकांच्या १३१ जागा आहेत, म्हणजे आयुक्तांविरुद्ध ८२ मते लागतील. कल्याण-डोंबिवलीत १२२ जागा, तिथे ७७. शेजारच्या नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. राज्य सरकारने तो निलंबित केला आणि मुंढे यांची बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये. मेहतांच्या काळी वरचे सरकार परके होते आणि म्हणून सभागृहाला हे शस्त्र हवे होते. आता वरचे सरकार आपलेच निवडलेले आहे. पण महासभेचा ठराव निलंबित किंवा विखंडित करण्याचा अधिकार त्याने सोडलेला नाही.

उलट बाजूही आहेच. मुंढे यांच्या बाजूने तेव्हा अनेक नागरिक उभे राहिले, कारण नगरसेवकांचा रोष त्यांच्या बेकायदा कामांवरच्या कारवाईमुळे आहे असे लोकांना वाटत होते. क्रॉफर्डचे चाहते आणि फोर्ब्सचे समर्थक, दोन्ही गट आजही प्रत्येक शहरात सापडतात.

महापौरांना अधिकार देण्याचा प्रयोग झाला नाही का?

झाला. कोलकात्यात १९८४ पासून ‘मेयर-इन-कौन्सिल’ पद्धत आहे. तिथे महापौर आणि त्यांचे सहकारी मंत्रिमंडळासारखा कारभार पाहतात. महाराष्ट्राने १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात ती आणली आणि वर्षभरातच गुंडाळली. महापौर पुन्हा सभा चालवणारे आणि पाहुण्यांचे स्वागत करणारे झाले.

मेहतांच्या आराखड्यात मात्र सभागृह शोभेचे नव्हते. वर्षातून एकदा येणारे अंदाजपत्रक हे त्याचे मुख्य हत्यार होते. आयुक्तांनी मसुदा स्थायी समितीपुढे ठेवायचा, समितीने तो तपासून महासभेकडे पाठवायचा आणि महासभेने ओळीओळीने वाचायचा, हा क्रम ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या कायद्यातही तसाच आहे. मेहता अंदाजपत्रकाच्या चर्चेला आकडे पाठ करून येत असत. प्रशासकीय राजवटीच्या काळात हा सगळा क्रम एकाच टेबलावर उरकला जात होता. आता दोन्ही शहरांत त्या टेबलाच्या पलीकडे अनुक्रमे १३१ आणि १२२ खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या आहेत.